सण झाल्यावर या

दिवाळी अंक दिवाळीत कोणी वाचत नाही. ही गोष्ट संपादकांना पक्की ठाऊक असते, फक्त ते बोलून दाखवीत नाहीत. अंक घरात येतो तो वसुबारसेच्या आगेमागे. त्या वेळी घरातल्या बाईचे हात बेसनात असतात, पुरुषमाणसे आकाशकंदिलाच्या वायरीशी झटत असतात नि मुलांना फटाक्यांखेरीज दुसरे काही दिसत नसते. अंकाचे मुखपृष्ठ तेवढे पाहून होते आणि अंक कपाटावर जाऊन पडतो. तो खाली उतरतो भाऊबीज झाल्यावर. माहेरवाशिणी सासरी गेलेल्या, पाहुणे पांगलेले, चिवड्याच्या डब्याच्या तळाशी नुसता चुरा उरलेला, अशा एखाद्या दुपारी आपण पंख्याखाली आडवे होतो आणि अंक उघडतो.

म्हणजे, वाचकहो, तुम्ही हे पान वाचीत आहात ते बहुधा अशाच एका दुपारी. तेव्हा दिवाळीच्या गोष्टी सांगून तुम्हांला शिळी करंजी वाढण्यापेक्षा, सण आटोपल्यावर घरात जे दिवस उरतात त्यांच्याविषयीच आज बोलावे म्हणते.

आमच्या घरचा मोठा सण तुमच्यानंतर दोन महिन्यांनी येतो. आम्ही ख्रिस्ती. या पानाच्या नेहमीच्या वाचकांना ते माहीत आहे. नवे वाचक विचारतात, "जालन्यात ख्रिस्ती मंडळी कुठून आली हो?" त्यांना मी रेव्हरंड नारायण शेषाद्रींचे नाव सांगते. १८४३ साली मुंबईत या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, त्याला परत जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी केवढी खटपट केली नि त्यावरून केवढे वादळ उठले, ते इतिहासाच्या पुस्तकांत आहेच. हे नारायणराव पुढे जालन्याच्या बाजूला आले. हा मुलूख तेव्हा निजामाचा. दिवाण सर सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ एक वस्ती वसवली आणि तिला नाव दिले बेथेल, म्हणजे देवाचे घर. आमच्या मामंजींचे आजोबा त्या वस्तीत वाढले.

पण नाव बेथेल असले तरी तोंडाची चव जालन्याचीच. नाताळ हा शब्द पोर्तुगीज, पण आमच्या नाताळच्या ताटात करंजी, चकली, शंकरपाळी आणि अनारसे. केक असतो, तो कडेला. त्यामुळे शेजारापाजारांत एक देवघेव कैक वर्षे चालत आली आहे. दिवाळीत तुमचा डबा आमच्याकडे येतो नि नाताळात तो भरून तुमच्याकडे परत जातो. रिकामे भांडे परत करू नये, हे तुमच्याही आजीने सांगितले आहे नि आमच्याही.

आता हा सण साजरा कसा होतो ते पाहा. आठ दिवस आधीपासून रात्री कॅरल म्हणणाऱ्यांची टोळी दारी येते, त्यांना चहा. मग गव्हाणी मांडायची, कामट्यांना पतंगी कागद चिकटवून केलेली चांदणी दाराशी टांगायची. तेवीस तारखेच्या रात्री मुले येतात. चोवीस तारीख कढईपुढे जाते. पंचवीसला सकाळी उपासना, मग दिवसभर भेटीगाठी, रात्री जेवायला वीस पाने. आणि सव्वीस तारखेला सकाळी दहा वाजता दारात बॅगा!

पूर्वी जालन्याला येणेजाणे म्हणजे एक प्रवासच होता. आता समृद्धी महामार्ग झाला. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला उघडला आणि नागपूरची आमची लेक मोटारीने ऐन जेवणाच्या वेळी दारात येऊ लागली. पुढल्याच वर्षी ३० डिसेंबरला जालन्याहून मुंबईला वंदे भारत गाडी सुरू झाली, त्यामुळे मुंबईच्या मुलाचीही सोय झाली. माझा आपला भाबडा हिशेब असा, की वाटेत वेळ वाचला तर तो घरी राहायला मिळेल. झाले उलटेच. येणे सोपे झाले तसे जाणेही सोपे झाले. पूर्वी इतक्या लांब आलोच आहोत तर राहू चार दिवस, असे म्हणत. आता, केव्हाही येता येते गं आई, असे म्हणून लगेच निघतात.

मग घर गप्प होते. ही शांतता पहिल्या दिवशी मला गोड लागते, खोटे कशाला बोलू? पाय पसरून बसता येते. चहा पहिल्या वाफेला पिता येतो. पण दुसऱ्या दिवशी चार माणसांच्या अंदाजाने भात टाकला जातो नि आपण तिघेच आहोत हे कुकर उघडल्यावर ध्यानात येते. बाहेर थंडी असते. शेतांतून हुरड्याचे दिवस आलेले असतात, बाजारात तुरीच्या ओल्या शेंगांचे ढीग असतात. शेंगा सोलायला मात्र दोनच हात.

वास्तविक नाताळ हा एका दिवसाचा सण नाहीच. फार जुन्या काळी, ५६७ साली, फ्रान्समधल्या टूर्स गावी धर्मसभा भरली होती. तिने नाताळपासून ६ जानेवारीपर्यंतचा सगळा काळ सणाचाच मानला. तुमच्यातही तसेच आहे की! भाऊबीज झाली म्हणून दिवाळी संपत नाही. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीचे लग्न असते, तोवर दारात पणती लावणारी घरे आजही आहेत. जुनी माणसे शहाणी होती. सणाच्या माडीवर चढायला त्यांनी जिना केला, तसा उतरायलाही केला. आपण मात्र वरून थेट उडी मारतो नि मग पाय मुरगळला म्हणतो.

त्या ६ जानेवारीचीही एक मौज आहे. बाळ येशूला भेटायला मेंढपाळ आले ते जन्मल्या रात्रीच, गव्हाणीपाशी. पण पूर्वेकडचे मागी लोक, ते ज्ञानी प्रवासी, मागाहून पोहोचले. मत्तयाच्या शुभवर्तमानात ते गोठ्यात गेले असे लिहिलेले नाही, ते घरात गेले असे आहे. गर्दी ओसरल्यावर, बाळबाळंतीण घरात स्थिरावल्यावर ते आले, आणि त्यांच्या येण्याचाच पुढे सण झाला. उशिरा येणाऱ्याला इतका मान दुसऱ्या कुठल्या सणात आहे, मला तरी आठवत नाही.

गेल्या नाताळानंतर हे सगळे माझ्या मनात घोळू लागले, त्याला कारण आमचे मामंजी. त्यांचे वय एकोणऐंशी. कानाला यंत्र लावतात, पण वीस माणसे एकदम बोलू लागली की त्या यंत्रात नुसती खडखड होते. म्हणून पंचवीस तारखेला ते यंत्र काढून खिशात ठेवतात आणि खुर्चीत बसून सगळ्यांकडे पाहून हसतात. मुले पाया पडतात, फोटो काढतात, पुढे जातात. सबंध सणात त्यांच्याशी कोणी दोन वाक्ये बोलत नाही. कोणाचा दोष नाही, सणाची रीतच तशी.

अठ्ठावीस तारखेला दुपारी मी डबे घासून ओट्यावर पालथे घातले होते नि कुठला कोणाचा ते ओळखीत होते. हल्ली हे कामही सोपे झाले आहे, कारण पुष्कळसा फराळ आइस्क्रीमच्या प्लॅस्टिकच्या डब्यातून येतो नि तो डबा परत येण्याची कोणी वाट पाहत नाही. एक स्टीलचा डबा तेवढा समोरच्या वहिनींचा होता. भेटीगाठींच्या गर्दीत त्यांच्याकडे जायचे राहिले होते. तो मी पिशवीत घालणार तोच मामंजी म्हणाले, "रिकामा देतेस?"

"नाही हो. लाडू घालीन दोन."

ते जरा वेळ गप्प बसले. मग कानातले यंत्र नीट केले आणि बोलू लागले. लग्न होऊन मी या घरात आले त्याला तीस वर्षे होत आली, पण ती गोष्ट मी प्रथमच ऐकत होते.

१९७२ चा दुष्काळ. मामंजी तेव्हा सव्वीस वर्षांचे, दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांची हजेरी लिहीत. घरात रेशनचा मिलो, ती परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. त्या दिवाळीतही शेजारच्या काकूंनी पितळी डब्यातून चार शंकरपाळ्या धाडल्याच होत्या. नाताळ आला तेव्हा डबा भरून पाठवायला आमच्याकडे काही नव्हते. मामंजींच्या आईने डबा चिंचेने घासून लखलखीत केला नि फळीवर ठेवून दिला. पंचवीस तारीख गेली, सव्वीस गेली. आई काकूंच्या दारावरून जाणे टाळू लागली. अठ्ठावीसला काकू आपण होऊन आल्या. "माझा डबा आहे का हो तुमच्याकडे? पीठ ठेवायला लागतोय."

डबा रिकामा कसा द्यायचा? आईने त्यात दोन मुठी मिलो घातला. काकू नको म्हणाल्या नाहीत. तसाच डबा घेऊन गेल्या. संध्याकाळी त्यांचा मुलगा ताटलीत अर्धी तांबडी भाकरी आणि वर मिरचीचा ठेचा घेऊन दारात उभा. म्हणाला, "आईने सांगितलंय, ही नाताळची भाकरी. अर्धी आम्ही खाल्ली."

"पंचवीस तारखेला आई रडली नव्हती," मामंजी म्हणाले, "त्या संध्याकाळी रडली." आणि यंत्र काढून त्यांनी खिशात ठेवले. गोष्ट संपली होती.

रात्री मुलाचा फोन आला तेव्हा मी त्याला हे सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आजोबांनी मला कधी सांगितलं नाही हे."

"तू सव्वीसला गेलास रे. त्यांनी अठ्ठावीसला सांगितलं."

हे मी टोचून बोलले नव्हते, वाचकहो, नुसत्या तारखा सांगितल्या. पण त्या तारखा माझ्याही मनातून जाईनात. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाकडे अशा किती गोष्टी असतील आणि त्या ऐकायला किती अठ्ठाविसाव्या तारखा उरल्या असतील, हा हिशेब काही फारसा अवघड नाही.

म्हणून यंदा मी मुलाला आधीच सांगून टाकले आहे. नाताळला नाही जमले तरी चालेल. सत्तावीसला ये आणि वर्षाखेरीच्या उपासनेपर्यंत राहा. हे ऐकून घरात खळबळ उडाली. आमच्या यजमानांचे म्हणणे, "ऐन सणाला मुलगा नाही, मंडळीत लोक काय म्हणतील?" मुलाचे म्हणणे, "आई, ऑफिसला सुट्टी पंचवीसची असते, आठवणींची नसते." सूनबाई तेवढी माझ्या बाजूची. ती म्हणाली, "गर्दीत मला त्यांच्याशी बोलताच येत नाही. मी येते." रजेचा अर्ज गेला आहे. मंजुरी यायची आहे.

मलाही हे सोपे नाही. पंचवीस तारखेला चर्चच्या बाकावर माझ्या शेजारची जागा रिकामी राहील नि ती मला खुपेल. कढईपुढे चोवीस तारखेला "आई, एक चकली" म्हणायला कोणी नसेल. पण खुर्चीत बसून हसणाऱ्या म्हाताऱ्या माणसासमोरून पाया पडून पुढे जाणारी पोरे पाहण्यापेक्षा, तुरीच्या शेंगा सोलीत त्याच्यापाशी बसलेले एक पोर पाहावे, असे मला वाटू लागले आहे खरे.

तुमची दिवाळी आता झाली. फराळ संपत आला असेल. घरातले वडीलधारे माणूस आत कुठे तरी पेपर चाळीत बसले असेल. अंक मिटा थोडा वेळ. ओट्यावर शेजाऱ्यांचे डबे पालथे असतील, ते कुणाकुणाचे आहेत हे त्यांनाच विचारा. नाव ओळखायला त्यांना वेळ लागेल. लागू द्या.