प्रेमपटातील न विचारलेला प्रश्न

कोल्हापूरच्या मास्टर विनायकांची कन्या नंदा आणि शशी कपूर यांचा ‘जब जब फूल खिले’ हा चित्रपट १९६५ साली आला. काश्मिरातील गरीब नावाडी आणि शहरातील धनाढ्य तरुणी यांच्या प्रेमाची ती कथा प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली. १९७३ च्या ‘बॉबी’त ऋषी कपूरचा नायक श्रीमंताघरचा, तर डिंपल कापडियाची नायिका ख्रिस्ती कोळ्याची मुलगी होती. दोघांचे धर्म वेगळे होते. तरीही बापांचे भांडण पेटले ते पैशावरून व प्रतिष्ठेवरून. १९८९ च्या ‘मैंने प्यार किया’तील सलमान खानचा नायक अंगमेहनतीने पैसे मिळवून दाखवतो आणि मुलीच्या बापाच्या कसोटीस उतरतो. या नायकांनी गरिबीशी, घराण्यांच्या वैराशी आणि वडिलांच्या हट्टाशी झुंज दिली. त्यांची जात कोणती, हा प्रश्न मात्र त्यांना क्वचितच कोणी विचारला.

अपवाद नाहीत असे नाही. १९३६ च्या ‘अछूत कन्या’ने आणि १९५९ साली बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’ने अस्पृश्यतेचा प्रश्न प्रेमकथेच्या गाभ्याशी आणला होता. परंतु ती वाट पुढे रुळली नाही. चित्रपट साऱ्या देशात चालावा, कोणी दुखावू नये, हा व्यवहार त्यामागे होता. या मौनाचा एक लाभही झाला, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. कोणत्याही जातीच्या तरुणाला या नायकात स्वतःला पाहता आले. पण तोच तरुण चित्रपटगृहातून घरी येतो आणि लग्नाची बोलणी सुरू होतात, तेव्हा पहिली चौकशी जातीची होते. शिक्षण आणि नोकरी त्यानंतर.

कोल्हापूरला हे मौन विशेष खुपावयास हवे. याच संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी १९१९ साली आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली. त्याच कोल्हापुरात २०१५ साली प्रेमविवाह केलेल्या एका तरुण दांपत्याला प्राणास मुकावे लागले. सज्ञान स्त्रीपुरुषांच्या विवाहात जातपंचायतीने अथवा अन्य कोणी अडथळा आणणे बेकायदेशीर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाला २०१८ साली बजावावे लागले. कायदा होऊन शतक लोटले तरी मने तेथेच राहिली, याचा हा पुरावा नव्हे काय?

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने २०१६ साली हेच वास्तव मराठी पडद्यावर थेट मांडले आणि प्रेक्षकांनी त्याला अभूतपूर्व प्रतिसाद दिला. सत्य सांगितल्याने तिकीटबारी ओस पडते, हा युक्तिवाद तेथेच निकालात निघावयास हवा होता. परंतु त्याच कथेवर २०१८ साली हिंदीत ‘धडक’ निघाला तेव्हा जातीचा उल्लेख ओझरता उरला. २०२५ च्या ‘धडक २’ने दलित विद्यार्थ्याला नायक केले, ही स्वागतार्ह गोष्ट, मात्र त्यासाठीही हिंदीला तमिळ चित्रपटाचा आधार घ्यावा लागला.

प्रत्येक प्रेमपटाने समाजसुधारणेचे व्याख्यान द्यावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. गाणी असावीत, हुरहूर असावी, शेवट गोडही असावा. पण सगळा दोष निर्मात्यांच्या माथी मारून प्रेक्षकाला सुटता येणार नाही. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ या १९९५ च्या चित्रपटात अखेरीस बाप मुलीचा हात सोडतो आणि ती धावत जाऊन शाहरुख खानच्या नायकाची गाडी गाठते. त्या क्षणी असंख्य पित्यांनी डोळे पुसले आहेत. त्यांच्यापैकी कोणाची मुलगी उद्या परजातीतील मुलाचे नाव घेऊन समोर उभी राहिली, तर त्यानेही तिचा हात तितक्याच सहजपणे सोडावा. शाहू महाराजांच्या नगरीने एवढी अपेक्षा स्वतःकडून तरी बाळगावी.