गप्पांना मोकळी वेळ हवी



यंदाचा अंक मुलाखतींना वाहिला आहे. दोन माणसांचे बोलणे घराघरांतून ऐकले जावे, हे टेलिव्हिजनला कसे साधले? त्याचे उत्तर अमेरिकेतल्या रात्रीच्या कार्यक्रमांत सापडते.

१९५० साली एनबीसी या वाहिनीच्या पॅट वीव्हर यांनी रात्री अकरानंतरच्या ओसाड वेळेत ‘ब्रॉडवे ओपन हाउस’ सुरू केला. नाच, गाणी, नकला असा तो मामला सव्वा वर्षात आटोपला. पण त्या वेळीही प्रेक्षक जागा असतो, हे सिद्ध झाले. २७ सप्टेंबर १९५४ला त्याच वाहिनीवर ‘टुनाइट’ आला. न्यूयॉर्कच्या हडसन थिएटरमधून पावणेदोन तास थेट प्रक्षेपण आणि सूत्रधार स्टीव्ह ॲलन.

ॲलन घडले लॉस एंजेलिसच्या रेडिओवर. एका रात्री ठरलेली पाहुणी, गायिका डोरिस डे, आलीच नाही. ॲलन मायक्रोफोन घेऊन थेट स्टुडिओत बसलेल्या श्रोत्यांत शिरले आणि समोर येईल त्याच्याशी बोलू लागले. ती रिकामी राहिलेली वेळच त्यांची शैली झाली. ‘टुनाइट’मध्येही ते पियानोवरून उठून प्रेक्षकांत जात.

१९५७मध्ये आलेल्या जॅक पार यांनी प्रहसने मागे सारून संभाषणाला मधोमध बसवले. १९६०च्या निवडणुकीत केनेडी आणि निक्सन हे दोन्ही उमेदवार त्यांच्याकडे गप्पांना येऊन गेले. १९६२पासून जॉनी कार्सन यांनी ती खुर्ची तीस वर्षे सांभाळली. पाहुण्याचा विनोद रंगला, की ते स्वतः मागे सरत आणि मनमुराद हसत.

या इतिहासातून आम्ही एकच गोष्ट घेतली. जी वेळ कुणालाच नको होती, तिथे बोलण्याला सैलपणा मिळाला आणि त्या सैलपणातून माणूस उलगडला. आज मुलाखतीतले एखादे खमंग वाक्य कापून अर्ध्या मिनिटात फिरवले जाते. त्या वाक्याच्या आधी माणूस कुठे अडखळला, कशावर गप्प झाला, हे मात्र हरवते. म्हणून आमच्या मुलाखतकारांना आम्ही सांगितले: प्रश्नावली बाजूला ठेवा, समोरच्याला आठवू द्या, पानांची चिंता आमच्यावर सोडा. काही मुलाखती त्यामुळे लांबल्या आहेत. त्या आम्ही मुद्दामच छाटल्या नाहीत.

वाचकहो, फराळाला घरी येणाऱ्यांनाही या दिवाळीत निवांत बोलू द्या, त्यांचे बोलणे पुरते ऐकून घ्या.

शुभ दीपावली!

— संपादक