आजची उंछवृत्ति

‘कचरा’ हा शब्द आपण दिवसांतून दहा वेळां उच्चारतों. परंतु तो किती जुना आहे याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. अमरकोशांत मलिन या अर्थाच्या शब्दांमध्यें ‘कच्चर’ हा शब्द आला आहे. आमचा कचरा त्याचाच वंशज असावा. शब्द जुना असला तरी वस्तु मात्र नवी आहे. आमच्या ओतूरसारख्या गांवांत पूर्वीं घराबाहेर टाकण्याजोगें उरतच थोडें. शेण, केर, भाजीचे देंठ उकिरड्यावर जात व खत होऊन शेतांत पडत; राखेनें भांडीं घांसलीं जात; जुन्या लुगड्यांच्या गोधड्या होत, आणि उरलेलीं धडुतीं बोहारीण भांड्यावर घेऊन जाई. आतां वाण्याकडील बहुतेक जिन्नस प्लॅस्टिकच्या पुडींतून येतो. ही पुडी उकिरड्यांत कुजत नाहीं, आणि चुलींत घातली तर विषारी धूर करिते. श्रावणी सोमवारची कपर्दिकेश्वराची यात्रा पांगल्यावर मांडवीच्या कांठीं पानांच्या द्रोणांऐवजीं प्लॅस्टिकचे पेले दिसूं लागले, तेव्हांपासून हा प्रश्न केवळ शहराचा राहिला नाहीं.

शहराचा प्रश्न तर शेवटीं खेड्याच्याच माथीं येतो. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षें उरुळी देवाची व फुरसुंगी या गांवांच्या शिवारांत पडत गेला, तेथील विहिरींचें पाणी नासलें, आणि अखेर ग्रामस्थांना रस्त्यावर उतरून कचऱ्याच्या गाड्या अडवाव्या लागल्या.

तथापि शहरानें टाकलेलें सर्वच तेथें जात नाहीं. पहांटेपासून खांद्यावर पोतें टाकून कागद, पुठ्ठा, कांच, पत्रा वेचणाऱ्या स्त्रिया त्यांतील मोठा भाग भंगारवाल्याकडे पोंचवितात, व तेथून तो पुनः कारखान्यांत जातो. या स्त्रियांपैकीं बहुतेक दलित समाजांतील. १९७२ च्या दुष्काळांत गांव सोडून आलेल्या कुटुंबांतीलही पुष्कळ. कुत्र्यांनीं चावावें, कांचेनें हात कापावा, कोठें कांहीं चोरीस गेलें कीं पहिला संशय त्यांच्यावरच यावा, असें त्यांचें जिणें होतें. महर्षि कर्व्यांनीं १९१६ मध्यें स्थापिलेल्या महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागांतील कार्यकर्त्या १९९० च्या सुमारास त्यांच्यांत काम करूं लागल्या. अक्षरओळखीइतकीच, वेगळा काढलेला स्वच्छ कचरा हातीं मिळण्याची निकड त्यांस तेथें दिसली. १९९३ मध्यें हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारानें ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. पुढें महापालिकेनें मान्य केलेलीं ओळखपत्रें आलीं, २००२-०३ मध्यें वैद्यकीय विमा आला, आणि २००८ मध्यें याच कष्टकऱ्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेस घरोघरचा कचरा उचलण्याचें काम करारानें मिळालें. घरटीं ठराविक मासिक शुल्क आणि सुका माल विकून येणारे पैसे, हीच त्यांची कमाई.

येथें आमच्या वाचकांस एका जुन्या शब्दाची आठवण द्यावीशी वाटते. तो शब्द उंछ. पीक निघाल्यावर शेतांत राहिलेला एकेक दाणा वेचणें म्हणजे उंछ, व कणसें वेचणें म्हणजे शिल. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत ब्राह्मणाच्या उपजीविका सांगतांना यासच ‘ऋत’ हें नांव देऊन त्याची गणना प्रथम केली आहे. महाभारतांतील आश्वमेधिक पर्वांतली मुंगुसाची कथा घरोघरीं ठाऊक आहे. अर्धें अंग सोन्याचें झालेलें तें मुंगूस युधिष्ठिराच्या यज्ञभूमींत आलें, पण उरलेलें अंग कांहीं सोन्याचें झालें नाहीं. कारण पूर्वीं त्याला लागलेलें सातूचें पीठ एका उंछवृत्तीच्या ब्राह्मणानें स्वतः उपाशी राहून अतिथीस दिलेलें होतें. मागें पडलेलें वेचून जगणें पूर्वजांनीं एवढें थोर मानिलें. मग तेंच आमच्या दारीं करणाऱ्या बाईला पाणी द्यावयाचें तें दुरूनच कां?

कोणी म्हणेल, तें व्रत होतें, हा पोटाचा धंदा आहे. तें खरेंच. ब्राह्मणानें उंछ स्वेच्छेनें पतकरिला. हिला तो जातीनें व दारिद्र्यानें पतकरावयास लाविला. परंतु त्यामुळें तिचा मान कमी कसा होतो, हें आम्हांस समजत नाहीं. आमचें देणें मात्र वाढतें. शिवाय त्या ब्राह्मणानें वेचलेला दाणा शुद्ध होता. हिच्या हातीं आम्ही आंबलेलें वरण आणि फुटलेली बरणी एकाच पिशवींत देतों.

या लोकांस दूर सारून यंत्रांनीं व ठेकेदारांनीं भागवूं, हा विचारही जगानें करून पाहिला. मिसर देशांत कैरो शहरीं ‘झब्बालीन’ नांवाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या हेंच काम करीत आले आहेत. २००३ च्या सुमारास तें परदेशी कंपन्यांस देण्यांत आलें, तरी गल्ल्या-बोळ साफ होईनात. पुढें २००९ मध्यें तापाच्या सांथीच्या भयानें त्यांचीं डुकरें मारून टाकलीं, तेव्हां जें खरकटें त्या जनावरांच्या पोटांत जाई, तें रस्त्यावर सडूं लागलें.

पातंजल योगसूत्रांतील पांच नियमांत पहिला शौच. आमच्या घरांतून सोंवळ्याचा विचारही मोठा. पण स्वतःची अशुद्धि दुसऱ्याच्या हातावर टाकणें हें शौच नव्हे. ओला कचरा वेगळा ठेवावा व परसांत जागा असेल तर खड्ड्यांत जिरवावा. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवाव्या. ओल्या व खरकट्या मालाला भंगारवाला भाव देत नाहीं. कांच कागदांत गुंडाळावी. स्त्रियांच्या मासिक धर्माच्या व बालकांच्या घड्या कागदांत बांधून वर तांबडा ठिपका करावा. पुण्याच्या ‘स्वच्छ’नें सुचविलेली ही खूण आहे, म्हणजे उघडून पाहण्याची पाळी कोणावर येत नाहीं.

आणखी एक. एकत्र कुटुंबांत हें काम धाकट्या सुनेच्या वांट्यास जाण्याचा संभव फार. तसें होऊं देऊं नये. आठवड्यांतून एक दिवस कर्त्या पुरुषानें स्वहस्तें कचरा निवडावा. मग दारीं येणाऱ्या बाईस काय सोसावें लागतें, हें त्यास कोणी सांगावयास नको. आणि तिला बसावयास सांगून घरच्याच पेल्यांतून चहा द्यावा, असें त्याच्या मनांत आपोआप येईल.