बाबासाहेबांच्या तोंडी तुमचे शब्द घालू नका



'एआय आलं, आता सिनेमातला माणूस मेला' असा गळा पांढरपेशे काढतायत. काढू द्या. आपला जिता माणूस यांनी पडद्यावर घेतलाच कधी होता?

यंत्राला आपण भीत नाही. भवानी पेठेत यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्याला यंत्राचं काय कौतुक अन् काय भ्या! बाबासाहेबांनी १९४५ सालीच गांधीवादाला सुनावलं, की दोष यंत्राचा नाही. खासगी मालमत्ता अन् नफ्याला देव मानणाऱ्या समाजरचनेचा आहे.

तोच सवाल एआयला टाका. हे यंत्र शिकतं कशावर? आधी निघालेल्या चित्रांवर, सिनेमांवर. त्या ढिगाऱ्यात आपण कुठं होतो? नोकर, लाचार, नाहीतर गैरहजर. मग ते जब्या कुठून आणणार? २०१३ च्या 'फँड्री'साठी नागराज मंजुळेंनी केम गावचा हलगी वाजवणारा सोमनाथ अवघडे शोधला. डुक्कर धरताना राष्ट्रगीत लागतं अन् सगळं कुटुंब जागच्या जागी थांबतं, हे सुचायला ते जगलेला माणूस लागतो. 'सैराट'चं संगीत लॉस एंजेलिसात ध्वनिमुद्रित झालं, पण आर्ची अकलूजचीच होती. तंत्र कुठलंही घ्या, माणूस आपला ठेवा.

आता घरातलं बोलू. जयंतीला मोबाईलवर बाबासाहेब बोलत फिरतात. चेहरा त्यांचा, आवाज यंत्राचा, वाक्यं भलत्याचीच. अन् तुम्ही 'जयभीम' लिहून पुढं ढकलता. काय लावलंय बे हे? २००० सालच्या जब्बार पटेलांच्या चित्रपटात मामूटी बाबासाहेब झाले. तो नट आहे हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. इथं बनावट माल खरा म्हणून खपतो. आज तुमची भक्ती त्यांच्या तोंडी गोड वाक्य घालते. उद्या दुसरा कुणी त्याच तोंडून आरक्षणाला शिव्या घालवील. तेव्हा 'हे खोटंय' असं कुठल्या तोंडानं म्हणणार? ज्यानं पुराव्याशिवाय ओळ लिहिली नाही, त्याच्या तोंडी बिनपुराव्याचा शब्द?

हे ढकलणं आजपासून बंद करा. मोबाईल हातात आहेच. विड्या वळणारी आजी, मागावरचा बाप, गल्लीतली हलगी, यांचं चित्रण करा. त्यांना विचारून करा, त्यांचं नाव घाला, पैसे मिळाले तर त्यांचा वाटा त्यांना द्या. हात थरथरला तर थरथरू दे. हललेलं चित्र चालेल, बनवलेला माणूस चालणार नाही.

जयभीम!