ॲम्प्ली जोडलात? आधी हळू आवाजात ऐका

सप्ताह जवळ आला, गणपती आले, की मुदखेडसारख्या गावात कोणीतरी ॲम्प्ली जोडायला बसतंच. किट आणायचं, ट्रान्सफॉर्मर आणायचा, जुन्या डब्यात सगळं बसवायचं. चांगलंच आहे हे. हाताला काम येतं आणि मंडळाचे पैसे वाचतात. ही मेहनत वाया जाऊ नये, एवढ्यासाठी हे सांगणं.

जोडणी झाली की बहुतेक जण पहिल्यांदा आवाज पूर्ण सोडून बघतात. तुम्ही उलटं करा. मोबाइलवर तानपुरा लावा. आवाज इतका कमी ठेवा की शेजारच्या खोलीत जाऊ नये. कान स्पीकरजवळ न्या आणि सूर विझत जातो तिथे लक्ष द्या. तिथे खरखर येते का? आवाज वाढवला की ती कमी वाटते का? मग स्पीकर बदलायला धावू नका. नव्या स्पीकरमधूनही तीच खरखर येईल. बहुधा तुमचा बायस कमी पडतोय.

शेवटचे दोन मोठे ट्रान्झिस्टर आवाज वाटून घेतात. वरचा अर्धा एकाकडे, खालचा अर्धा दुसऱ्याकडे. दोघींनी जातं ओढावं तसं हे काम आहे. एकीने सोडलं आणि दुसरीने अजून धरलं नाही, तर जातं अडखळतं. सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर साधारण ०.६ व्होल्ट मिळाल्याशिवाय चालूच होत नाही. त्यामुळे एकाकडून दुसऱ्याकडे जाताना मध्ये फट राहते. मोठ्या आवाजात ती झाकली जाते. हळू आवाजात सूरच लहान असतो, त्यातला बराचसा त्या फटीत अडकतो. मग हरिपाठाचे शब्द नीट लागत नाहीत, वीणेचा सूर शेवटी फाटतो, आणि लोक आवाज वाढवत नेतात. त्याचा त्रास घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि निजलेल्या लेकरांना होतो.

यावर इलाज सोपा आहे. गाणं बंद असतानाही दोन्ही ट्रान्झिस्टरमधून थोडासा करंट वाहता ठेवायचा. बायस म्हणजे तेवढंच.

तो लावताना घाई करू नका. प्रीसेट कोणत्या बाजूला फिरवला की करंट कमी होतो, हे किटच्या नकाशावर आधी पाहा आणि तो अगदी कमीवर ठेवा. स्पीकर काढा. इनपुट ग्राउंडला जोडा. पहिल्यांदा चालू करताना मेनच्या वाटेत ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये घाला. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर लगेच बंद करा, कुठेतरी चूक आहे. या एका बल्बाने पुष्कळ ट्रान्झिस्टर वाचतात.

दुहेरी सप्लायचा बोर्ड असेल, तर स्पीकरच्या तारांवर मीटर लावा. तिथे ५० मिलिव्होल्टहून जास्त डीसी दिसला तर स्पीकर जोडूच नका; डीसी फार असेल तर त्याची कॉइल जळते.

आता बल्ब काढा. मोठ्या ट्रान्झिस्टरच्या एमिटरला ०.२२ ओहमचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर असतो. मीटर त्याच्या दोन्ही टोकांवर धरा आणि प्रीसेट अगदी हळू फिरवा. १० मिलिव्होल्ट दिसले म्हणजे साधारण ४५ मिलिॲम्पिअर वाहतात. घरच्या ॲम्प्लीला एवढं पुरतं. जास्त दिलं म्हणून आवाज जास्त गोड होत नाही, हीटसिंक मात्र तापते. बॅटरीवर चालवत असाल तर बॅटरीही लवकर उतरते.

इथे आपल्या उन्हाचा विचार करा. ट्रान्झिस्टर एक अंश तापला की त्याला लागणारं व्होल्टेज साधारण २ मिलिव्होल्टने उतरतं. मग जास्त करंट वाहतो, त्याने तो आणखी तापतो, आणि शेवटी जळतो. जानेवारीच्या सकाळी लावलेला बायस मे महिन्यात ४२-४३ अंशांच्या दुपारी, पत्र्याच्या मंडपाखाली, तसाच राहत नाही. म्हणून बायसचा डायोड किंवा छोटा ट्रान्झिस्टर त्याच हीटसिंकला टेकवून बसवा. बोर्डावर हवेत लटकत ठेवला तर मोठा ट्रान्झिस्टर तापलेला त्याला कळतच नाही. स्पीकर आणि इनपुट परत जोडून अर्धा तास गाणं वाजवा, मग गाणं थांबवून पुन्हा मोजा. बायस तापलेल्या ॲम्प्लीवरच पक्का करा.

आता ट्रान्झिस्टर कोणता घ्यायचा. दुकानात 'बावन्नशे घ्या, दणका येतो' असं ऐकाल. २एससी५२०० आणि २एसए१९४३ ही जोडी चांगली आहे, पण दणका सप्लायमधून येतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवर, साध्या रचनेत, ४ ओहमच्या स्पीकरला साडेचार वॅटच्या पुढे जाताच येत नाही. तिथे महागडी जोडी लावून उपयोग नाही. टीआयपी ४१ आणि ४२ ची जोडी पुरेशी आहे.

जुन्या बोर्डावरचा २एन३०५५ काढून तिथे ५२०० घालण्याआधीही थांबा. ३०५५ संथ आहे, ५२०० खूप चपळ. संथ ट्रान्झिस्टरसाठी केलेल्या बोर्डात चपळ ट्रान्झिस्टर कधीकधी आपोआप थरथरू लागतो. ती थरथर कानाला ऐकू येत नाही, पण काही न वाजवता हीटसिंक तापते. नकाशात जो नंबर आहे तोच आणा.

पायही बघून घ्या. छापील बाजू आपल्याकडे धरली, तर टीआयपी ४१ चे पाय डावीकडून बेस, कलेक्टर, एमिटर. बीडी १३९ चे बरोबर उलटे: एमिटर, कलेक्टर, बेस. एकाच्या जागी दुसरा सरळ खोचला की गेला. दोघांचीही धातूची पाठ कलेक्टरला जोडलेली असते. खाली मायका घाला आणि पाठ व हीटसिंक यांच्यात मीटरची बीप येत नाही, याची खात्री करा.

५२०० च्या नावाने नकली माल पुष्कळ विकला जातो. काउंटरवर मीटर लावून तो ओळखता येत नाही, कारण नकलीसुद्धा मीटरवर चांगलाच दाखवतो. आतली चिप लहान असते, ती जोर पडल्यावरच जाते, आणि तेव्हा मंडप भरलेला असतो. पुण्याची तपकीर गल्ली असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, की निजामाबादमार्गे गाठलेली हैदराबादच्या कोठीची गुजराती गल्ली, भाव फारच कमी दिसला तर घेऊ नका. दोन्ही बाजूंच्या जोड्या एकाच दुकानातून, एकाच वेळी घ्या. त्यातली एक सप्ताहाच्या आधी घरीच तास-दोन तास जोरात वाजवून पाहा.

डबा बंद करण्याआधी झाकणाच्या आतून कागद चिकटवा. त्यावर लिहा: बायस किती मिलिव्होल्ट, कोणत्या महिन्यात लावला, कोणते ट्रान्झिस्टर घातले. पुढच्या वर्षी डबा उघडणारा तुमचा पुतण्या असेल.