स्वस्थ बसण्याचा हिशेब

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात घरात स्वस्थ बसून दाखवणे हे शौर्याचे काम आहे. सोऱ्या दाबणारी गृहिणी आरामखुर्चीकडे ज्या नजरेने पाहते, त्या नजरेपुढे भलेभले उठून जळमटे काढू लागतात. तरीही, वाचकहो, स्वस्थ बसण्याची बाजू मांडायला मी आज उभा आहे. (बाजू मांडायची तर उभे राहावे लागते, त्याला इलाज नाही.)

आळसाची वकिली मात्र मी करणार नाही. आळशी माणसाचे काम राहून जाते; स्वस्थ बसणारा ते न करण्याचे ठरवतो. हे ठरवणे किती अवघड असते, ते आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात नीट पाहायला मिळते.

ताडोबाचेच घ्या. १९५५ सालचे हे राष्ट्रीय उद्यान महाराष्ट्रातले सर्वांत जुने. पुण्या-मुंबईची मंडळी वाघ पाहायला येतात आणि मंगळवारी दारावरून परततात, कारण मंगळवारी जंगलाला सुटी. शिवाय जुलै ते सप्टेंबर गाभ्यातली सहल बंद. त्या दिवसांत माणसाने जंगलासाठी करायची मोठी गोष्ट एकच : आत न जाणे. पण ही सुटी जंगलाला मिळते, वनरक्षकाला नव्हे. त्याची पायपीट चालूच असते. उन्हाळ्याआधी जाळरेषा काढल्या नाहीत, तर मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला कोणी पेटवला की वणवा कुठवर जाईल याचा नेम नाही. बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे जंगलातून उठून बाहेर वसली आणि त्यांच्या शेतांवर गवत आले. त्या गवतावर चितळ आले, चितळामागे वाघ. लांबून वाटते, माणूस हलला आणि निसर्गाने सगळे आपोआप केले. प्रत्यक्षात घाणेरीसारखी झुडपे उपटत राहिले नाही, तर कुरणाचे रान व्हायला वेळ लागत नाही. जंगलाच्या स्वस्थतेमागे अशी बरीच खुरपी चालत असतात.

आणि मंगळवारचा रोज कोणाचा बुडतो? मोहर्लीच्या गाइडचा, गाडीवाल्याचा. पावसाळ्यात तो भाताच्या रोवणीला तरी जाऊ शकतो. पण मे महिन्यात तेंदूपाने तोडणाऱ्या बाईला कोणी म्हणाले, ‘वाघ फिरतो आहे, चार दिवस घरी बस,’ तर सल्ला रास्त असूनही ती बसणार कशाच्या जोरावर? पानांचा हंगाम काही आठवड्यांचा, आणि त्यावर घरातले पुढचे कितीतरी खर्च अडलेले. घरी बसायलाही गाठीला चार पैसे लागतात, हे आपण शहरातले पगारदार सहज विसरतो.

आता धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) पाहा. या गोंड गावाची ग्रामसभा बहुमताने निर्णय करीत नाही. सगळ्यांचे एकमत होईपर्यंत विषय तसाच ठेवायचा आणि पुन्हा बसायचे. हात वर करून पाच मिनिटांत उरकण्याची सवय असलेल्या आपल्याला हा वेळकाढूपणा वाटेल. त्यात तोटा आहेच. एक हटवादी माणूस साऱ्या गावाला अडवू शकतो. आणि इकडे बांबू कोणासाठी थांबत नाही, वेळेवर न तोडलेले बेट दाटून जाते. पण याच गावाने सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळवला. मात्र बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडला. कागद थांबून होता तेव्हा कचेरीही स्वस्थच बसली होती की! लांबून पाहणाऱ्याला दोन्ही बसणी सारखीच दिसतील. फरक एवढाच की मेंढ्यात जे थांबतात, त्यांचेच पोट त्या निर्णयावर असते. कचेरीत थांबणारा एक आणि झळ सोसणारा दुसरा. कोणी ‘जरा थांबू या’ म्हणाले, की मी हल्ली आधी हेच पाहतो, की थांबण्याची किंमत मोजणार कोण.

माझ्या वर्गातही हा प्रश्न रोज उभा राहतो. धानोऱ्याकडून आलेल्या, घरी गोंडी बोलणाऱ्या मुलाला प्रश्न विचारला, की उत्तर त्याच्या मनात तयार असते. ते मराठीत उतरायला वेळ लागतो. तेवढा वेळ मास्तराने गप्प राहणे हे कुठल्याही व्याख्यानापेक्षा कठीण. जीभ वळवळते. पहिल्या बाकावरचे दोन हात वर जातात, मागे चुळबुळ सुरू होते, आणि त्या थांबण्याची किंमत बाकीचे साठजण मोजत असतात, हेही खरेच. मी मनात विसापर्यंत आकडे मोजतो. बहुधा चौदा-पंधरावर उत्तर येते, आणि ते पाठ केलेले नसते. नाहीच आले, तर दुसऱ्याला विचारतो. पण दुसऱ्या दिवशी तासाच्या सुरुवातीला, हात वर जाण्याआधी, पुन्हा त्याच मुलाकडे वळतो.