बुधादित्य योग आणि दुसरे दुकान



गेल्या महिन्यात एक परिचित कापड व्यापारी मुलाची जन्मपत्रिका घेऊन घरी आले. मी बँकेच्या कर्ज विभागात असताना त्यांचे कॅश क्रेडिटचे खाते माझ्याकडे असे. त्यामुळे आजही ते मला ‘साहेब’ म्हणतात. मुलगा 23 वर्षांचा, सी. ए.ची आर्टिकलशिप करीत असलेला. कोणा ज्योतिषांनी पत्रिका पाहून सांगितले होते की, बुधादित्य योग आहे, बुध उच्चीचा आहे, मुलास व्यापारातच घाला. तेवढ्यावरून शेठजींनी पेठेतील दुसऱ्या गाळ्याचा बयाणा देऊन टाकला आणि मेहुण्याच्या मुलाबरोबर याची भागीदारीही ठरविली. मुलगा मात्र अंतिम परीक्षा सोडावयास तयार नव्हता. पंधरा दिवस बाप-लेकांत अबोला होता.

“साहेब, योग आहे की नाही, एवढेच सांगा,” ते म्हणाले.

योग आहे. परंतु तो दुर्मीळ नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. पृथ्वीवरून पाहता बुध रवीपासून सुमारे 28 अंशांपलीकडे जातच नाही. म्हणजे तो रवीच्याच राशीत असणार, नाहीतर मागच्या वा पुढच्या. चार पत्रिका उघडल्या तर एक-दोन ठिकाणी ही युती सापडतेच. आपल्या व्यापारी समाजात बुध हा वाणिज्याचा कारक म्हणून विशेष लाडका. त्यामुळे योगाचे नाव कानी पडताच आनंद होतो आणि पुढची पाने उलटली जात नाहीत. ताळेबंदाचा केवळ शेवटचा आकडा पाहून कर्ज मंजूर करणारे अधिकारी मी पाहिले आहेत. त्यांची पुढे काय गत झाली, तेही पाहिले आहे.

या पत्रिकेत रवी कन्येत 11 अंशांवर व बुध 17 अंशांवर आहे. अंतर 6 अंश. बुध रवीच्या 14 अंशांच्या आत आला की तो अस्तंगत मानतात. वक्री असल्यास ही मर्यादा 12 अंशांची. तेव्हा हा बुध उच्च राशीचा खरा, परंतु अस्तंगतही आहे. बुध सदैव रवीच्या सान्निध्यातच वावरत असल्याने त्याच्या अस्ताचा दोष फारसा मानू नये, असेही एक मत आहे. मी मधला मार्ग धरतो. येथे बुध मार्गी असून रवीच्या पुढे आहे. त्याची गती रवीपेक्षा अधिक, म्हणजे तो तेजातून बाहेर पडू लागला आहे. अशा जातकाची बुद्धी तीक्ष्ण असते. मात्र वडिलांच्या छायेत ती लवकर प्रकट होत नाही, असा माझा अनुभव आहे. (रवी हा पित्याचा कारक, हे मी शेठजींना मुद्दाम सांगितले. ते हसले नाहीत.)

नवमांश पाहिला आणि समाधान वाटले. तेथे दोघे विलग होतात: रवी मेषेत, उच्चीचा, बुध मिथुनेत, स्वराशीचा. मूळ भांडवल भक्कम आहे.

खरा प्रश्न स्थानाचा आहे. मुलाचा जन्म सायंकाळी पाचच्या सुमाराचा, लग्न कुंभ. त्यामुळे ही युती अष्टमस्थानी पडते. हाच मुलगा त्याच दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास जन्मता, तर धनू लग्न येऊन हीच युती दशमात आली असती. नवमेश रवी आणि दशमेश बुध एकत्र, म्हणजे उत्तम राजयोग. तशा पत्रिकेस मीही म्हटले असते, गाळा घ्या. कुंभ लग्नास मात्र रवी सप्तमेश होतो. सप्तमस्थान भागीदारीचे, आणि त्याचा स्वामी अष्टमात गेलेला. शेठजींनी ठरविलेल्या भागीदारीविषयी मला शंका वाटली ती येथे.

मग अष्टमस्थान वाईटच का? तसे मी मानीत नाही. ते परधनाचे, वारशाचे, विम्याचे व झाकलेल्या गोष्टींचे स्थान आहे. पंचमेश बुध तेथे बलवान असता दुसऱ्याच्या हिशेबातील दडलेली चूक शोधणारी दृष्टी देतो. लेखापरीक्षकास याहून काय हवे? शिवाय चतुर्थातील गुरूची पूर्ण दृष्टी या युतीवर आहे आणि तो येथे धनेश व लाभेश आहे. मुलाचा हट्ट पत्रिकेस धरूनच होता.

राहिली दशा. सध्या लग्नेश शनीची महादशा चालू असून तिची 4 वर्षे शेष आहेत. त्यानंतर बुधाची 17 वर्षे. योगाचे फळ प्रामुख्याने तेव्हाचे. तोवर शनी कष्ट आणि शिस्त मागतो. परीक्षेचा काळ याहून निराळा नसतो. आपल्या शास्त्रानुसार फळ कर्माचे आणि ग्रह केवळ सूचक, तेव्हा अभ्यास न करता दशेची वाट पाहण्यात अर्थ नाही, हेही मी बोललो.

“आणि बयाणा?” शेठजींनी विचारले.

गाळा घ्यावयाचाच असेल तर स्वतःच्या नावे घ्यावा, तूर्त भाड्याने द्यावा आणि भागीदारीच्या करारावर मुलाची सही घेऊ नये, असे मी सुचविले. हा सल्ला ज्योतिषाचा कमी आणि जुन्या बँक अधिकाऱ्याचा अधिक. त्यांनी पत्रिका घडी करून खिशात ठेवली, चहा घेतला आणि विचारले, परीक्षा कोणत्या महिन्यात असते. मुलाला विचारा, असे मी म्हटले.

पुढील अंकात चंद्र-मंगळ युती घेऊ. पत्रिका पाठविणाऱ्या वाचकांनी जन्मवेळ रुग्णालयाच्या नोंदीवरून लिहावी; ‘दिवेलागणीची वेळ’ एवढ्यावर लग्न ठरविता येत नाही.